नाव कुणाच्या मस्टरवर?

प्रश्न : माझी मुलगी मेकॅनिकलची पदविका चांगल्या गुणांनी पास झाली. कागलला किर्लोस्कर ऑइल इंजिन्स आणि फलटणला कमिन्स, दोन्हीकडे मुलाखती झाल्यात, पत्रं यायची आहेत. तिसरं पत्र हातात आहे. ते रांजणगावच्या एका सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीतल्या कामाचं, आणि पगाराचा आकडा त्यांचाच दिसायला मोठा. सोबत झेरॉक्स जोडली आहे. माझे वडील किर्लोस्करवाडीला फौंड्रीत होते, तिथूनच निवृत्त झाले. त्यामुळे आमच्या घरात कागलचं पारडं जड. मुलीचा ओढा फलटणकडे. या इंजिनवाल्यांमध्ये माणसांना चांगलं कोण वागवतं ते स्पष्ट सांगा. – एक वडील, पलूस तालुका

उत्तर : तुमच्या वडिलांपासून सुरुवात करते. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला, तेव्हा कामगारांसाठी वसाहतही वसवली. कंपनीनं माणसाला घर द्यावं, त्याच्या मुलांच्या शाळेची काळजी करावी, ही अपेक्षा तुमच्या घरात तिथून आली असणार आणि ती रास्त आहे. पण किर्लोस्करवाडीला पंप बनवणारी किर्लोस्कर ब्रदर्स आणि कागलला इंजिनं बनवणारी किर्लोस्कर ऑइल इंजिन्स या आज दोन वेगळ्या कंपन्या आहेत. ऑइल इंजिन्स १९४६ ची, खडकीची. संचालक मंडळं वेगळी, करार वेगळे. वडिलांना आलेला अनुभव नातीला कागलला तसाच येईल असं धरून चालू नका. येणारच नाही असंही मी म्हणत नाही.

दुसरी गोष्ट ऐकून तुमच्या घरातला वाद थोडा निवळेल. कमिन्स ही अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातल्या कोलंबस गावची कंपनी पुण्यात आली ती किर्लोस्करांचा हात धरून. १९६२ साली कोथरूडला सुरू झालेल्या कंपनीचं नावच किर्लोस्कर कमिन्स होतं. किर्लोस्कर बाहेर पडले ते १९९० च्या दशकात. आज डिझेल जनरेटरच्या बाजारात समोरासमोर उभी असलेली ही दोन नावं तीसेक वर्षं एकाच फाटकावर होती. पुण्यातल्या कितीतरी जुन्या फोरमननी दोन्हीकडच्या माणसांबरोबर काम केलं आहे. त्यांच्या बोलण्यात मला ‘ते चांगले, हे वाईट’ असं सरसकट कधी ऐकू आलं नाही. ते खात्याबद्दल बोलायचे, साहेबाबद्दल बोलायचे.

आता तिसऱ्या पत्राकडे या. तुम्ही आकडा पाहिलात, शिरोभाग पाहिला नाहीत. झेरॉक्सवर सगळ्यात वर रांजणगावच्या कंपनीचं नाव नाही. तिथं मनुष्यबळ पुरवणाऱ्या एका एजन्सीचं नाव आहे. तुमची लेक त्या कारखान्यात जाईल, तिथलाच गणवेश घालेल, तिथल्याच सुपरवायझरचं ऐकेल, पण तिचं नाव एजन्सीच्या मस्टरवर, म्हणजे हजेरीपटावर, असेल. भोसरीतल्या एका इंजिनिअरिंग कारखान्यात कामगार कल्याण अधिकारी म्हणून काम करताना मी रोज पाहिलेली गोष्ट सांगते. दोन स्पर्धक कंपन्यांच्या कायम कामगारांमध्ये जेवढा फरक असतो, त्याहून कितीतरी मोठा फरक एकाच कंपनीतल्या कायम आणि कंत्राटी माणसात असतो. एकाच मशीनवर, एकाच पाळीत, खांद्याला खांदा लावून उभ्या असलेल्या दोघांत. एकाच्या मुलाचं हर्नियाचं ऑपरेशन कंपनीच्या मेडिक्लेममधून होतं, दुसरा पतपेढीत अर्ज करतो. म्हणून ‘कुठली कंपनी चांगली’ या प्रश्नाआधी ‘आपण तिथं कोण म्हणून जाणार’ हे विचारायला हवं. मी याबाबत हट्टी आहे, हे सदर वाचणाऱ्यांना ठाऊक आहे.

त्या मोठ्या आकड्याची फोडही करून पाहिली. तो वर्षाचा सीटीसी आहे, म्हणजे कंपनीला एका माणसावर येणारा एकूण खर्च. त्यात कंपनीनं भरायचा पीएफ धरलाय, ग्रॅच्युइटी धरलीय, कॅन्टीन आणि बसचा खर्च धरलाय, वर ‘कामगिरीनुसार’ म्हणून एक रक्कम आहे, जी मिळेलच असं कुठं लिहिलेलं नाही. मूळ पगार मात्र लहान. मूळ पगार लहान असला की पीएफ कमी, ग्रॅच्युइटी कमी, ओव्हरटाइमचा दरही कमी. ग्रॅच्युइटीचा हिशेब घरीच करता येतो : शेवटचा मूळ पगार अधिक महागाई भत्ता, त्याला २६ नं भागायचं, १५ नं गुणायचं, मग सेवेच्या वर्षांनी गुणायचं. २६,००० वर दहा वर्षांचे दीड लाख होतात, १३,००० वर पंचाहत्तर हजार. हातात येणारा पगार दोन्हीकडे सारखा असला तरी. २१ नोव्हेंबर २०२५ पासून ज्या चार श्रमसंहिता लागू झाल्या, त्यांत भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्यावर गेले तर वरचा भाग वेतनातच धरायचा, असं आलं आहे. नेमणूकपत्र देणंही सक्तीचं झालंय. कागल आणि फलटणची पत्रं आली की आधी हे तपासा : पत्र कुणाचं, शिकाऊ काळ किती, तो संपल्यावर काय होणार हे लिहिलंय का, मूळ पगार किती.

तुलना करायचं एक साधन हल्ली सगळ्यांना खुलं आहे, पण माझ्याकडे पत्र लिहिणाऱ्या एकाही पालकानं ते वापरल्याचं मला आठवत नाही. शेअर बाजारातल्या मोठ्या हजार कंपन्यांना २०२२-२३ पासून वार्षिक अहवालात बीआरएसआर नावाचा भाग द्यावाच लागतो; कंपनी माणसांशी आणि पर्यावरणाशी कशी वागते त्याचा हा हिशेब. कमिन्स इंडिया आणि किर्लोस्कर ऑइल इंजिन्स दोन्ही शेअर बाजारात आहेत, म्हणजे दोघांचे तक्ते एकाच साच्यातले. कंपनीच्या संकेतस्थळावर वार्षिक अहवाल फुकट मिळतो. मुलीला उतरवून घ्यायला सांगा, आणि एक रविवार तिच्याबरोबर बसा.

पहिला तक्ता ‘कामगार’ या सदराखाली कायम किती आणि बिगरकायम किती याचा. त्यात स्त्रिया किती तेही असतं. मी असते तर सगळ्यात जास्त वेळ इथेच घालवला असता. मग सोडून जाणाऱ्यांचं प्रमाण, तीन वर्षांचं. इथं जपून वाचा. प्रमाण फार कमी दिसलं म्हणजे सगळे खूश, असं नाही. दहा वर्षांत नवीन भरतीच झाली नसेल तर पन्नाशीची माणसं नोकरी सोडून जाणार कुठं? पुढे अपघातांचा तक्ता येतो, त्यात मृत्यूचा रकाना वेगळा असतो. तो रकाना आधी पाहावा. युनियनचं सभासदत्व किती टक्के, स्त्री-पुरुषांचा मध्यम पगार किती, बाळंतपणाच्या रजेवरून परत आलेल्या किती जणी वर्षभरानंतरही टिकल्या, हेही त्यात असतं. तक्रारींच्या रकान्यात शून्य दिसलं तर मला चांगलं वाटत नाही. हजारो माणसं तीन पाळ्यांत राबतात आणि वर्षभरात कामाच्या परिस्थितीबद्दल एकही तक्रार नाही, याचा एक अर्थ असा की तक्रार लिहून द्यायला कुणी धजत नाही. माझ्या खात्यात वर्षाला ढिगानं तक्रारी यायच्या, अगदी आमटी पातळ असल्याच्याही, आणि मला त्याचा अभिमान होता.

रांजणगावची कंपनी बाजारात नोंदलेली नाही, तिचा असा अहवाल मिळणार नाही. तिथं एकच उपाय. पहिली पाळी सुटायच्या वेळी फाटकासमोरच्या चहाच्या टपरीवर अर्धा तास थांबा. कंपनीच्या बसमध्ये कोण चढतंय आणि सहा आसनी रिक्षात कोंबून कोण जातंय ते पाहा. गणवेशाचे रंग दोन आहेत का ते पाहा. चार मुलींना थांबवून विचारा : जेवायला सगळे एकाच रांगेत असतात का?

मुलगी आहे म्हणून थोडं वेगळं. पूर्वीच्या कारखाना कायद्यानं बायकांना संध्याकाळी सातनंतर काम बंद होतं. आता त्यांच्या संमतीनं आणि सुरक्षेच्या अटींवर रात्रपाळी देता येते. संमती हा शब्द कागदावर राहतो की खरोखर विचारतात, हे तिथल्या मुलीच सांगतील. दाराशी सोडणारी गाडी आहे का, शॉपफ्लोअरवर बायकांचं स्वच्छतागृह किती लांब आहे, लाइनवर बाई सुपरवायझर आहे का? कार्यालयात बाई अधिकारी असणं निराळं. कमिन्सच्या मदतीनं महर्षी कर्वे संस्थेचं मुलींचं अभियांत्रिकी महाविद्यालय पुण्यात १९९१ मध्ये सुरू झालं. तिथल्या मुली पुण्याच्या कारखान्यांत आल्या तेव्हा किती ठिकाणी घाईघाईनं स्वच्छतागृहं बांधावी लागली, ते मी जवळून पाहिलंय. कंपनी मुलींना नोकरी द्यायला तयार आहे एवढ्यानं भागत नाही, तयारी आधी झालेली हवी.

आणि माझं मत विचारलंत म्हणून : एजन्सीचं पत्र नाकारा. कागल आणि फलटण दोन्ही पत्रं कंपनीच्या स्वतःच्या मस्टरवरची असतील, तर गाव आणि नाव मागे ठेवून खातं बघा. १ जुलै २०२३ पासून जनरेटरच्या इंजिनांना धुराचे नवे, कडक नियम लागू झाले, केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या (सीपीसीबी) नावावरून त्यांना सीपीसीबी चार प्लस म्हणतात. त्यामुळे इंजिनाच्या टेस्टिंगमध्ये सेन्सर, इलेक्ट्रॉनिक कंट्रोल, धूर स्वच्छ करणारी यंत्रणा असं सगळं आलंय. ज्या कंपनीत तिला टेस्टिंग किंवा क्वालिटी मिळेल ती घ्या. तिथं चार वर्षं काढलेल्या मुलीला या धंद्यातला प्रत्येक स्पर्धक बोलावतो. खातंही सारखंच मिळालं, तर लेकीचा ओढा जिकडे तिकडे जाऊ द्या.

प्रश्न : ताई, मी आयटीआय फिटर. चाकणला एकाच लाइनवर तीन वर्षं झाली. या काळात कंत्राटदार दोनदा बदलला, मी तिथंच. दर वेळी आठ-दहा दिवसांचा ब्रेक देतात. आता समोरच्या कंपनीत, जी आमच्याच मालाची स्पर्धक आहे, महिना दीड हजार जास्त देतो म्हणतात. तिथंही कंत्राटीच. जाऊ का? – परभणीचा, सध्या मु. चाकण

उत्तर : दीड हजारासाठी लगेच जाऊ नकोस, पण तीन वर्षं झाली म्हणून अडकूनही राहू नकोस.

आधी ओटीचा, म्हणजे ओव्हरटाइमचा, दर विचार. ज्यादा कामाला दुप्पट दर हा कायदा आहे. सध्याच्या जागी दुप्पट मिळतो असं तू लिहिलंयस. समोर सिंगल देतात अशी कुजबुज ऐकलीस, तेही लिहिलंयस. तुझा पगार १८,००० धर. २६ दिवस, आठ तास, म्हणजे तासाला साधारण ८६ रुपये ५० पैसे. महिन्याला वीस तास ओटी केलास तर सिंगल आणि दुप्पट यांतला फरकच १,७३० रुपये होतो. दीड हजार तिथंच गेले. शिवाय बस आणि जेवण फुकट की कापून, तेही बघ.

दुसरं, आजच मोबाइलवर पीएफचं पासबुक उघड. दोन कंत्राटदार बदलले तर खात्यात तीन मालकांची नावं दिसायला हवीत, आणि मधला एकही महिना कोरा नको. ब्रेकच्या दिवसांमुळे रक्कम कमी दिसेल, पण पगारातून कापलेलं भरलेलंच नाही असं दिसलं, तर कंत्राटदाराबरोबर मूळ कंपनीलाही त्याची जबाबदारी टाळता येत नाही. कंपनीच्या एचआरला लेखी दे, पोचवर सही घे. पीएफ कार्यालयाच्या संकेतस्थळावर कंत्राटदाराचं नाव टाकून शोधताही येतं. त्यानं कुठल्या महिन्यात किती माणसांचे पैसे भरले ते दिसतं. समोरच्या कंपनीच्या कंत्राटदाराचं नाव टाकून बघ. दीडशे माणसं कामाला आणि भरणा चाळीस जणांचा, असं निघालं तर तिकडचा रस्ता सोड.

ब्रेक कशासाठी देतात ते तुला ठाऊक आहे, सलग २४० दिवस भरले की कायम होण्यावर हक्क सांगता येतो, आणि तो आकडा चाकणमध्ये प्रत्येकाच्या तोंडी असतो. मला हा प्रकार मनापासून चीड आणतो. लाइन बंद पडत नाही, माल थांबत नाही, फक्त एका पोराला दहा दिवस खोलीवर बसवून ठेवायचं आणि त्याचं भाडं मात्र चालू. तुझ्या आधी ‘नीम’ या सरकारी प्रशिक्षण योजनेतल्या ट्रेनीच्या नावाखाली हेच चाललं होतं, ती योजना २०२२ च्या शेवटी मागे घेतली गेली. नाव बदललं, पोरं तीच. म्हणून तुझ्या हजेरीचे पुरावे जप : गेटपास, पे-स्लिप, शिफ्टचे मेसेज.

समोरच्यांना भेटशील तेव्हा पैशांच्या आधी हे विचार : कंपनीच्या स्वतःच्या मस्टरवर मुदतीची नेमणूक देता का? नव्या संहितेत मुदतीच्या नेमणुकीवर एक वर्ष पूर्ण झालं तरी ग्रॅच्युइटी लागू होते, आणि त्याच कामाच्या कायम माणसाइतकेच पगार-फायदे द्यावे लागतात. ‘हो’ म्हणाले आणि लेखी दिलं, तर पाचशे कमी मिळाले तरी जा. ‘कंत्राटदाराकडूनच’ म्हणाले, तर दोन कंपन्यांत तुझ्यापुरता काही फरक नाही. आहेस तिथं राहून सीएनसीचा, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मशीनचा, एखादा कोर्स संध्याकाळी पूर्ण कर आणि पुढच्या भरतीकडे लक्ष ठेव. आणि राजीनामा देताना अनुभवाचं पत्र मागितल्याशिवाय गेटबाहेर पडू नकोस.

प्रश्न : साताऱ्याजवळच्या आमच्या कारखान्यात वेतनकराराची बोलणी चालू आहेत. आम्ही औद्योगिक व्हॉल्व्ह बनवतो. व्यवस्थापन म्हणतं, आपली तुलना इथल्या शंभर माणसांच्या वर्कशॉपशी करा. आम्ही म्हणतो, तोच व्हॉल्व्ह बनवणाऱ्या पुण्याच्या स्पर्धकाशी करा. कुणाचं बरोबर? – युनियन समिती सदस्य

उत्तर : कायद्याच्या भाषेत याला उद्योग-आणि-प्रदेश तत्त्व म्हणतात. न्यायाधिकरणं वेतन ठरवताना त्याच भागातल्या, त्याच धंद्यातल्या, तुलनेच्या कंपन्या पाहत आली आहेत. ‘तुलनेच्या’ हे महत्त्वाचं. भांडवल किती, उलाढाल आणि नफा किती, कामगार किती, कंपनी किती वर्षं टिकून आहे, पुढची शक्यता काय, हे सगळं बघायचं असतं. शंभर माणसांचं वर्कशॉप सातशे माणसांच्या कारखान्याशी जुळत नाही, ते गावातच असलं तरी. पण पुण्याचा स्पर्धक धंद्यानं जुळतो आणि प्रदेशानं पूर्ण जुळत नाही. घरभाडं वेगळं, बाजार वेगळा. तेव्हा तुमचीही बाजू शंभर टक्के नाही.

फ्रेंच मोटर कार कंपनीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं १९६२ मध्ये एक उपयोगी गोष्ट सांगितली : एखादी कंपनी आपल्या धंद्यात आधीच सगळ्यांत जास्त पगार देत असेल, तर त्याच भागातल्या दुसऱ्या धंद्यांतल्या तोडीच्या कंपन्यांशी तिची तुलना करता येते. म्हणजे साताऱ्यातल्या तुमच्या आकाराच्या, पण वेगळा माल बनवणाऱ्या कंपनीचे करारही टेबलावर ठेवा. पुण्याचा करार एकटा ठेवला तर ते ‘ते पुणं आहे’ म्हणून उडवून लावतील.

तक्ता करताना एकूण वाढीचा आकडा सगळ्यात शेवटी लिहा. फ्लेक्सवर तोच झळकतो आणि तोच फसवतो. वाढीतला किती भाग मूळ पगारात गेला? महागाई भत्ता निर्देशांकाला जोडलेला आहे की गोठवलेला? करार तीन वर्षांचा की साडेतीन, चार? बदल्यात उत्पादन किती वाढवून दिलं? पंधरा हजारांची वाढ आणि तीस टक्के जादा उत्पादन, याला मी मोठा करार म्हणत नाही. आणि माणसं दर वेळी फक्त पगारच मागतात असं नाही. २०१३ मध्ये बजाजच्या चाकण कारखान्यात कामगारांचं पन्नास दिवस ‘काम बंद’ आंदोलन चाललं, तेव्हा एक रुपया दरानं कंपनीचे शेअर द्या ही मागणी होती. ती पदरात पडली नाही, पण कामगार कंपनीच्या वाढीत वाटा मागतो म्हणजे काय, हे सगळ्या पट्ट्यानं पाहिलं.

एक रकाना मात्र माझ्यासाठी वाढवा. दोन्ही कंपन्यांत तुमच्याच मशीनवर काम करणाऱ्या कंत्राटी माणसाला काय मिळतं तो. सारख्या कामाला सारखा पगार ही १९७० च्या कंत्राटी कामगार कायद्याखालच्या नियमांतली परवान्याची अट होती, आणि तुमच्या समितीनं ती कधी बोलणीत काढली नाही असं पत्रावरून दिसतं. तुमच्या फाटकात आज कायम दोनशे आणि कंत्राटी पाचशे आहेत. पुढच्या कराराला कायम दीडशे उरतील, तेव्हा व्यवस्थापन तुमची तुलना पुण्याशीही करणार नाही आणि वर्कशॉपशीही नाही, तुमच्याच फाटकातल्या त्या पाचशे जणांशी करेल.

प्रश्न : परदेशी कंपनी केव्हाही गाशा गुंडाळते, म्हणून मुलानं देशीच कंपनी धरावी असं आमचे भाऊ म्हणतात. – तळेगाव दाभाडे

उत्तर : तुमच्या गावात जनरल मोटर्सचं झालं ते डोळ्यांसमोर असल्यामुळे भाऊ असं म्हणत असणार. पण आकुर्डीचा बजाजचा कारखाना आठवा, तिथलं उत्पादन २००७ मध्ये थांबलं. कंपनी पुण्याचीच होती. झेंड्यावरून ठरवू नका.

जनरल मोटर्सनं २०१७ च्या अखेरीस भारतात गाड्या विकणं थांबवलं. तळेगावला त्यानंतर फक्त निर्यातीच्या गाड्या बनत राहिल्या, आणि डिसेंबर २०२० मध्ये त्याही थांबल्या. पुढे कारखाना ह्युंदाईनं घेतला, पण जुन्या कामगारांचा भरपाईचा लढा वेगळाच चालू राहिला. मध्ये तीन वर्षं होती. म्हणून मुलाला सांगा, कंपनी देशी असो की परदेशी, दर वर्षी तीन गोष्टींची चौकशी करत राहा : इथं बनतं ते इथं विकलं जातं का, नवीन मॉडेल इथल्या लाइनवर येतंय की दुसऱ्या राज्यातल्या, आणि मशीन नवी येतायत की जुन्यांचीच डागडुजी चालू आहे. तिन्हींची उत्तरं वाईट येऊ लागली की पगारवाढीची वाट न पाहता अर्ज करायला लागायचं.